भारवाहकाचा धडा

चाळीस वर्षें नोकरी करून निवृत्त होणाऱ्या एका शिपायास निरोप देण्याचा समारंभ परवां आमच्या महाविद्यालयांत झाला. त्या प्रसंगीं बोलण्याचें काम आमच्याकडे आलें. जीवशास्त्राच्या एका सहकाऱ्यानें दाखविलेली चित्रफीत मनांत घोळत होती. आम्हीं तिचाच दृष्टान्त दिला. टाळ्या पडल्या. परंतु आतां तो दृष्टान्त आम्हांस टोचतो आहे.

दृष्टान्त असा. सस्तन प्राण्यांच्या पेशींत सूक्ष्म नलिकांचे मार्ग पसरलेले असतात. नलिकेची जाडी मिलिमीटरचा चाळीस हजारावा भाग. पेशींत तयार झालेलीं द्रव्यें पातळ पटलाच्या पिशव्यांत भरून या मार्गांनीं दूरवर पोंचविलीं जातात. हें ओझें वाहणारें 'कायनेसिन' नांवाचें प्रथिन १९८५ सालीं व्हेल, रीझ व शीट्झ यांनीं माकुलाच्या मज्जातंतूच्या अभ्यासांतून शोधून काढलें. इंधनाचा एकेक रेणु खर्चून तें ८ नॅनोमीटरचें एकेक पाऊल टाकतें. मनुष्याच्या कण्यापासून पायापर्यंतचा मज्जातंतु सुमारें एक मीटर लांब. म्हणजे साडेबारा कोटी पाउलें! एक वाहक शंभरएक पाउलांनंतर सुटतो व ओझें दुसरा उचलतो. 'तो कधीं विचारीत नाहीं कीं हें ओझें कोणाचें. आमच्या या मित्रानेंहि विचारलें नाहीं,' असें आम्ही म्हणालों.

येथेंच चूक झाली. न विचारणें हा गुण मानावयाचा, तर आधीं विचारण्याची शक्ति हवी. पिसाळलेलें कुत्रें चावलें म्हणजे रोगाचा विषाणु 'डायनीन' नामक उलट दिशेच्या वाहकांकरवींच मेंदूकडे जातो. अन्न काय, मृत्यु काय, वाहकास सारखेंच. नीतीचा आरंभ ओझें उतरून पाहण्याचा अधिकार जेथें आहे तेथें होतो.

शिवाय पेशीहून वेगळें असें हित त्या वाहकास नसतें, माणसास असतें. माणसाला केवळ साधन मानूं नये, हा कांटचा सिद्धान्त आम्हीं वर्गांत वर्षानुवर्षें शिकविला. तरी देहाच्या रूपकाचा मोह सुटत नाहीं. रुसून नगराबाहेर गेलेल्या रोमच्या सामान्य जनांना पोट व अवयव यांची गोष्ट सांगण्यांत आली, असें लिव्ही लिहितो. पुरुषसूक्तांतील मुख, बाहु, मांड्या व पाय यांच्या रूपकाचा पुढें कसा उपयोग झाला, हें वाचकांस सांगावयास नको. अशा गोष्टी सांगतें तें नेहमीं तोंडच, पाय नव्हेत.

मग निष्काम कर्माला मोल नाहीं काय? आहे. परंतु फलाचा त्याग ज्याचा त्यानें करावयाचा असतो. दुसऱ्याच्या वतीनें आपणच तो करून टाकणें यास त्याग म्हणत नाहींत, अपहार म्हणतात.

हें सारें आम्हांस सुचलें तें आमच्या विद्वत्तेनें नव्हे. समारंभ संपल्यावर ते गृहस्थ जवळ येऊन हळूच म्हणाले, "सर, बोललात छान. पण मी विचारलं होतं. पुस्तकांच्या पेट्या तीन जिने चढवायला आणखी एक माणूस द्या, म्हणून दोनदा अर्ज केला होता."

आम्हीं जुनें दप्तर काढून पाहिलें. दोन्ही अर्ज सांपडले. त्यांतील दुसऱ्यावर 'तूर्त आवश्यकता नाहीं' असा शेरा आहे, आणि अक्षर आमचें आहे.