फोटो काढणे

कॅमेऱ्याचे वेड मला उतारवयात लागले. निवृत्त झालो त्या दिवशी लेकाने डिजिटल कॅमेरा हाती ठेवला आणि म्हणाला, "बाबा, रिळाचा खर्च नाही. कितीही काढा." पुढच्याच रविवारी औंढ्याला जाऊन मी नागनाथाच्या देवळाचे २०० फोटो काढले. घरी येऊन पाहतो तो एकही धड नाही! आकाश पांढरेफटक, शिल्पे काळीठिक्कर.

हळूहळू थोडे उमगू लागले. समोरचे सारे मध्यम उजेडाचेच आहे, असे हे यंत्र धरून चालते. म्हणून पांढरेशुभ्र धोतर करडे उमटते आणि काळी घोंगडी फिकट. पांढऱ्याला पांढरे म्हण, असे त्याला बजावावे लागते. भर दुपारी डोळ्यांच्या खोबणीत सावली साचते, तेव्हा चेहरे टिपायचे ते सकाळी. आणि मुख्य म्हणजे आपण जागचे हलायचे. नामदेवांना कीर्तनासाठी देवळामागे धाडले, तेव्हा देऊळच त्यांच्याकडे फिरले, अशी औंढ्याची कथा आहे. देऊळ फिरते ते नामदेवांसाठी. तुम्हाआम्हांला स्वतःच फिरावे लागते.

त्यानंतरच्या फाल्गुनात वसमतकडच्या एका शिवारात गेलो. शिजवलेली हळद उन्हात पसरली होती. एक म्हातारी वाकून ती सारखी करीत होती. कोवळे ऊन, सुरकुत्या, हळदीने माखलेले हात! मी धडाधड कळ दाबली.

"काय काढायलात हो दादा?" तिने विचारले.

"तुमचा फोटो, मावशी."

"मग एक मला बी द्या. घरात माझा एक बी फोटो नाही."

"देतो की," मी म्हणालो, आणि विसरलो.

तो फोटो मात्र विसरलो नाही. मोठा करून दिवाणखान्यात लावला. पाहुणे वाखाणीत. एकदा नातीने विचारले, "आजोबा, ह्या आजी कोण?" मला नाव सांगता आले नाही.

त्या रात्री एक विचार मनातून जाईना. मराठीत आपण फोटो काढतो, आणि कर्जही काढतोच. पूर्वी ३६ फोटोंचे रीळ असे; माणूस स्टुडिओत जाई, पैसे मोजी आणि आपली प्रत घरी नेई. १९७५ साली कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन यांनी पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला, तेव्हा एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरायला २३ सेकंद लागत. आता तेवढ्या वेळात शंभर निघतात. काढणे फुकट झाले, म्हणून देणेही फिटले काय?

प्रत घेऊन मी पुन्हा त्या गावी गेलो. म्हातारीने फोटो दूर धरला, जवळ धरला.

"ह्यो कशाचा फोटो? पदर घसरलेला, हात माखलेले. घरात लावायजोगता काढा की!"

मी ओशाळलो. ज्याची मला एवढी ऐट, त्यात तिला स्वतःची अब्रू गेलेली दिसत होती. तिने नवे लुगडे नेसले, नातवाला मांडीवर घेतले आणि खुर्चीवर ताठ बसली. दुपार झाली होती, म्हणून मी खुर्ची ओसरीच्या सावलीत घेतली. पांढरे केस करडे होऊ नयेत याची काळजी घेतली. एवढे सारे शिकलो होतो ते कामी आले. फक्त या वेळी फोटो कसा हवा हे तिने ठरवले.

जाणकारांना तो फोटो दाखवला, तर ते हसतील. मावशी त्यात खांबासारखी बसली आहे. पण चार दिवसांनी मी तो नेऊन दिला, तेव्हा तिने तो पदराने पुसला आणि देवाच्या तसबिरीशेजारी लावायला सांगितले.

दिवाणखान्यातला फोटो मी उतरवला. तिला विचारून पुन्हा लावावा, असे मनात आहे. अजून धीर झालेला नाही. आता कळ दाबण्यापूर्वी नाव मात्र विचारतो. त्यामुळे फोटो कमी निघतात, आणि पुष्कळदा ऊनही निघून जाते.