घराचे माप

दारूविषयी धोरण ठरवताना सरकारजवळ तीन मापे नेहमी तयार असतात: किती महसूल आला, किती गुन्हे नोंदले गेले, किती दुकानांना परवाने दिले. चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ पासून दारूबंदी लागू झाली आणि २०२१ मध्ये ती उठवली गेली. उठवताना अवैध विक्री, वाढलेले गुन्हे आणि बुडालेला महसूल ही कारणे पुढे आली. ही सगळी सरकारी खात्यांची मापे आहेत. पिणाऱ्याच्या घरात धान्य किती दिवस पुरते, मूल शाळेत टिकते का, बाई रात्री निर्धास्त झोपते का, हे यांपैकी कोणत्याच मापात येत नाही. आणि जे मोजले जात नाही, ते धोरण ठरवणाऱ्यांच्या टेबलावर कधी पोचत नाही.

गोंदिया जिल्ह्याच्या बाबतीत तर मोजणीच शेजारून निघून गेली. बंगळुरूच्या निमहान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यासाठी १२ राज्ये निवडली. त्यांत गोंदियाला लागून असलेली मध्य प्रदेश आणि छत्तीसगड ही दोन्ही राज्ये होती; महाराष्ट्र नव्हता. दारूच्या विकाराने ग्रासलेल्या १०० पैकी सुमारे ८६ जणांना उपचारच मिळत नाहीत, असे त्या सर्वेक्षणाने सांगितले. पुढे २०१९ मध्ये दिल्लीच्या एम्सने व्यसनांविषयीचा देशव्यापी अहवाल दिला. १० ते ७५ वयोगटात देशात १४.६ टक्के लोक दारू पितात, तर छत्तीसगडात ३५.६ टक्के, असे त्यात आढळले. म्हणजे गोंदियाच्या पूर्वेला सर्वाधिक पिणाऱ्यांपैकी एक राज्य, दक्षिणेला १९९३ पासून दारूबंदी असलेला गडचिरोली जिल्हा, आणि मध्ये परवान्याची दुकाने असलेला हा जिल्हा. अशा जागेचे दुखणे राज्याच्या सरासरीतून कळणार नाही.

सरासरीत न मावणाऱ्या गोष्टी इथे बऱ्याच आहेत. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. पण पानठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना गिऱ्हाईकासमोर घोटून खर्रा तयार होतो आणि हातोहात विकला जातो. पुडीबंद मालासाठी केलेली कारवाई त्याच्यापर्यंत सहज पोचत नाही. मोहाचेही तसेच. मोहफूल हे इथल्या गोंड कुटुंबांचे उन्हाळ्यातले उत्पन्न आहे, अन्न आहे, पूजेतही त्याला मान आहे. पोलिसांच्या नोंदीत मात्र ते ‘मोहसडवा जप्त’ एवढ्यापुरतेच येते. सणाला देवापुढे ठेवून घेतलेला घोट आणि रोज सकाळी हात थरथरतात म्हणून घ्यावा लागणारा घोट यांत फरक आहे, आणि तो कायद्याच्या कलमातून दिसत नाही. तेंदूपत्त्याची मजुरी, धानाचा चुकारा, दिवाळीनंतरच्या मंडया, या प्रत्येक वेळी घरात पैसा येतो. तो कोणत्या महिन्यात, कोणाच्या हातून आणि कुठे जातो, हे त्या घरातच विचारावे लागेल.

असे विचारून काय घडते, याचा दाखला शेजारीच आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीतल्या गावांत दारूचा हिशेब मांडला. जिल्ह्यातले लोक वर्षाला सुमारे २० कोटी रुपये दारूवर घालवत होते आणि सरकारची जिल्ह्याची वार्षिक विकास योजना सुमारे १४ कोटींची होती. हे दोन आकडे शेजारी ठेवले की निरक्षर माणसालाही धोरण कळते. हा हिशेब लोकांपर्यंत गेला, गावोगावच्या बायांनी तो आपला मानला, आणि १९९३ मध्ये दारूबंदी आली. बंदीने सगळे सुटले नाही. म्हणूनच २०१६ मध्ये दारू आणि तंबाखू दोन्हींसाठी ‘मुक्तिपथ’ अभियान सुरू करावे लागले. त्यात गावाची कृती, कायद्याची अंमलबजावणी आणि उपचार एकत्र आणले गेले.

बंदी की परवाना, या वादाच्या मध्ये एक मोठी जागा रिकामी राहते: व्यसनात अडकलेल्या माणसाला भेटते कोण? याचेही उत्तर शोधून झाले आहे. गोव्यात ‘संगाथ’ संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांकडून जास्त पिणाऱ्या पुरुषांशी मोजक्या बैठकांत बोलणे करून पाहिले. २०१७ मध्ये निकाल प्रसिद्ध झाले. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी सुमारे ३६ टक्के आणि केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकी सुमारे २६ टक्के धोक्याच्या पातळीखाली आले. फरक १० टक्क्यांचा. चमत्कार नाही, पण खरा. आपल्याच विदर्भात, अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने नैराश्यासाठी असेच काम केले. मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेले.

हे ज्ञान अमरावतीहून गोंदियाला येण्यासाठी नवे संशोधन आधी लागत नाही, निर्णय लागतो. संशोधन त्या निर्णयाला जोडलेले असले पाहिजे. मोजणी सुरू करण्यापूर्वीच ठरावे की अमुक आढळले तर देवरी किंवा सालेकसा तालुक्यात अमुक पद भरले जाईल, अमुक उपचार सुरू होतील. निष्कर्ष आधी ग्रामसभेत वाचले जावेत, कारण माहिती त्या घरांनी दिलेली असते. जे जमले नाही तेही छापले जावे. फसलेला उपाय लपवला की पुढच्या तालुक्यातला पैसा आणि माणसांची वर्षे पुन्हा वाया जातात.

लोक आज सोसत असताना मोजत कशाला बसायचे, असे कोणी विचारील. असे विचारणाऱ्याची तळमळ खरी आहे. उपचार आजच सुरू व्हावेत. मोजणी त्यांच्या सोबतीने चालावी. तिच्याशिवाय प्रत्येक नवे सरकार जुने धोरण उलटवते आणि घर होते तिथेच राहते.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने सरकारी व्यवस्थेतून उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क ठरवला, आणि दारू व अमली पदार्थांच्या सेवनाशी जोडलेल्या मानसिक विकारांनाही त्यात धरले. तेव्हा व्यसनी माणसाला मिळणारी मदत ही कोणाची कृपा उरलेली नाही. गोंदियाच्या जिल्हा आढावा बैठकीत महसूल आणि जप्तीच्या आकड्यांसोबत तिसरा आकडा सक्तीने वाचला जावा: या महिन्यात किती घरांना हा हक्क मिळाला, आणि किती घरे अजून थांबली आहेत.