“इंजिन नीट आहे ना रे?”

मागच्या उन्हाळ्यात आमच्या बोटीचं इंजिन बंद पडलं. त्याच्या तासभर आधी मित्राच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, मला विचारलं होतं, “इंजिन नीट आहे ना रे?” मी म्हणालो होतो, “एकदम. बिनधास्त बसा.”

बोट नेदरलँड्समध्ये असते. १९८२ सालची, शिडाची, आम्ही तिघा मित्रांनी पैसे जमवून घेतलेली. शिडाच्या बोटीला इंजिन कशाला, असं आई फोनवर विचारते. वारा पडला की ते लागतंच. पण आयसलमेर सरोवर आणि वाडन समुद्र यांच्यामध्ये ३२ किलोमीटरचा बांध आहे, १९३२ साली घातलेला. पलीकडे जायचं तर शिडं उतरवून इंजिनवर लॉकमध्ये शिरावं लागतं.

आमचं इंजिन बरोबर लॉकच्या तोंडाशी बंद पडलं. शिडं खाली, वारा बोटीला बांधाच्या दगडांकडे ढकलतोय, वहिनींच्या कुशीत त्यांची सहा वर्षांची मुलगी. घाईघाईने पुढचं शीड उघडलं, बोट वळली, काही झालं नाही.

पण माझं “एकदम” खोटं होतं. वर्षभर ते इंजिन सकाळी चार-पाच प्रयत्नांनंतर, पांढरा धूर ओकत सुरू व्हायचं. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. हवा इतकी दाबली जाते की ती तापते आणि त्या उष्णतेने डिझेल पेटतं. पिस्टनच्या रिंगा झिजल्या की दाब गळतो आणि थंड इंजिन सुरू व्हायला कुरकुरतं. हे मला माहीत होतं. फक्त मोजून घ्यायचं टाळत होतो, कारण आकडा कळला की निर्णय घ्यावा लागला असता.

गंमत म्हणजे ऑफिसात जुना कोड दिसला की “हे सगळं नव्याने लिहू” म्हणणाऱ्यांत मी पहिला असतो. इथे मात्र मला जुनंच दुरुस्त करायचं होतं. नवं इंजिन बोटीपेक्षा महाग, हे एक कारण. पण याच इंजिनावर मी ऑइल बदलायला शिकलो, हात काळे केले. ते फेकणं कृतघ्नपणाचं वाटत होतं.

मेकॅनिकने पाहिलं तर त्या दिवशीचा दोष इंजिनाचा नव्हताच. टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षं साचलेला गाळ लाटांनी ढवळला गेला आणि फिल्टर तुंबला. कोरं करकरीत इंजिनही तिथेच बंद पडलं असतं. मला कोण आनंद झाला! मग त्याने दाब मोजला. एका सिलिंडरचा फारच कमी. हेड उघडलं. रिंगा, बेअरिंग, इंजेक्टर बदलता आले असते. पण हे इंजिन बाहेरचं पाणी आत खेचूनच थंड होणारं, आणि खाऱ्या पाण्याने आतल्या वाटा कुरतडल्या होत्या. झिजलेला भाग बदलता येतो. गंजून पातळ झालेलं बीड पुन्हा जाड करता येत नाही.

थीसिअसच्या जहाजाचं कोडं तुम्ही ऐकलं असेल. एकेक करत सगळ्या फळ्या बदलल्या, तर जहाज तेच राहतं का? प्लूटार्कने सांगितलेलं हे कोडं मला कॉलेजपासून आवडतं. पण प्लेटोच्या ‘फिडो’मध्ये तेच जहाज वेगळ्या कामात दिसतं. अथेन्सचे लोक दरवर्षी ते डेलॉस बेटाला पाठवत आणि ते परतेपर्यंत कुणाला देहदंड देत नसत. सॉक्रेटिसला विषाचा प्याला उशिरा मिळाला तो त्यामुळे. म्हणजे त्या जहाजात माणसं बसत होती. ‘हे तेच जहाज का’ हा किनाऱ्यावरच्या माणसाचा प्रश्न. आत बसणाऱ्याचा प्रश्न साधा असतो: फळी कुजली आहे का, आणि कुणी बघितलंय का?

मी इंजिनाशी निष्ठा दाखवत होतो आणि तिचा धोका वहिनींच्या वाट्याला येत होता. एकटा असतो तर जुन्या इंजिनावर जीव लावायचा मला पूर्ण हक्क होता. दुसऱ्याला बसवायचं असेल तर त्याला खरं सांगून विचारायला हवं. पण नवं घेतलं म्हणजे जबाबदारी पार पडली, असंही नाही. टाकी न धुता नवं इंजिन बसवलं असतं, तर मी फक्त एक महागडं “एकदम” विकत घेतलं असतं.

शेवटी आम्ही नवं घेतलं. आधी टाकी धुतली. इंजिनाखालचा पाया बदलावा लागला, शाफ्ट रेषेत आणावा लागला, प्रोपेलरही नवा आला. जुनं इंजिन मेकॅनिक सुट्या भागांसाठी घेऊन गेला. ते क्रेनने उचललं तेव्हा वाईट वाटलं, आणि ते वाटणं मला चुकीचं वाटत नाही.

परवा वहिनी पुन्हा आल्या. प्रश्न तोच. मी म्हणालो, “नवं आहे, चाळीस तास चाललंय. टाकी धुतलीय, फिल्टर बदललाय. मोठ्या लाटांत अजून नेलेलं नाही.”

त्यांनी क्षणभर विचार केला, मुलीच्या लाइफ जॅकेटचा पट्टा घट्ट केला आणि बसल्या.