रोबोट विश्रांती घेत नव्हता

दार लावून घ्या. उशिरा आलेल्यांनी मागे उभं राहायचं, आज कुणाला बसायला सांगणार नाही.

टेबलावरचा हा गठ्ठा बघा. ५८ जर्नलं. मेकॅनिकल, तिसरं वर्ष, चाकणच्या मोटार कारखान्याची इंडस्ट्रियल व्हिजिट. रविवारी सकाळी तपासायला बसलो. दहावी वही हातात घेतली तेव्हा लक्षात आलं की मी दहा अहवाल वाचत नव्हतो, एकच अहवाल दहा वेळा वाचत होतो. कंपनीचं माहितीपत्रक जसंच्या तसं उतरवलेलं. ‘फिक्स्चर’च्या स्पेलिंगमधली एकच चूक ४१ वह्यांत, त्याच ओळीत. आणि त्याच ४१ वह्यांत हे वाक्य: ‘काही वेळ काम केल्यावर रोबोट विश्रांतीसाठी बाजूला जातो.’

नक्कल केलीत याचा राग आहेच. पण या वाक्याचा राग जास्त आहे. रोबोट बाजूला जातो हे तुमच्यातल्या कुणीतरी एकाने खरोखर पाहिलं होतं. पाहिलं, आणि ‘का?’ हा एका अक्षराचा प्रश्न विचारला नाही. मनाला येईल ते लिहून टाकलं, आणि बाकीच्या ४० जणांनी डोळे मिटून त्याची री ओढली.

आता ऐका. तो रोबोट विश्रांतीला गेला नव्हता, टीप ड्रेसिंगला गेला होता. स्पॉट वेल्डिंगच्या गनला पुढे तांब्याची टोपी असते, तिचं तोंड साधारण सहा मिलिमीटर व्यासाचं. दोन टोप्यांच्या चिमट्यात पत्रे दाबायचे आणि सेकंदाच्या एका अंशात हजारो अँपियरचा प्रवाह सोडायचा, की टाका पडतो. एका मोटारीच्या सांगाड्यावर असे काही हजार टाके असतात. प्रत्येक टाक्याला ती टोपी तापते, दबते, गंज लागू नये म्हणून पत्र्यावर चढवलेलं जस्त तिला चिकटतं, आणि तिचं तोंड हळूहळू पसरत जातं. सहाचं आठ मिलिमीटर झालं तर क्षेत्रफळ किती पट झालं? ३६ आणि ६४. जवळजवळ पावणेदोन पट. म्हणजे तेवढाच प्रवाह आता पावणेदोन पट जागेत पसरला आणि टाका कच्चा राहिला. वरून तो पक्का दिसतो. फरक कळतो तो गाडी आदळल्यावर. म्हणून ठरावीक टाके झाले की रोबोट स्वतःहून बाजूच्या कटरकडे जातो, टोपी तासून घेतो आणि परत येऊन कामाला लागतो. तुमच्यासारखाच कुणीतरी त्या गाडीत आपल्या पोराबाळांना बसवणार आहे. त्याचा जीव ज्या तासणीवर अवलंबून आहे, तिला तुम्ही ‘विश्रांती’ म्हणालात.

मान खाली घालू नका. माझ्याकडे बघा.

त्या दिवशी मी तुमच्या मागून चालत होतो. गेटवर मोबाईल जमा करून घेतले आणि मोबाईलबरोबर तुमचे डोळेही तिथेच जमा झाले. शॉपमध्ये शिरताना ५८ जणांत पेन होतं सहा जणांकडे. घड्याळ अकरा जणांकडे. ज्या लाईनवर सगळं गणित सेकंदांचं असतं, तिथे तुम्ही घड्याळाशिवाय गेलात! टॅक्ट टाइम परीक्षेत सगळेच लिहिता. शिफ्टमधले कामाचे साडेसात तास, म्हणजे २७,००० सेकंद, आणि शिफ्टला ३०० गाड्या काढायच्या असतील तर दर ९० सेकंदांना एक. पाठ आहे ना? मग एका स्टेशनसमोर दहा मिनिटं उभं राहून किती सांगाडे पुढे सरकले ते मोजावं असं एकालाही का वाटलं नाही? ते मोजलं असतं तर आणखी एक गोष्ट दिसली असती. एकामागून एक येणारे सांगाडे एकसारखे नव्हते. दोन लहान गाड्यांच्या मागे एक उंच गाडी येत होती, तिच्यामागे पुन्हा लहान. आणि लाईन एकदाही थांबली नाही.

हेच बघायला तर आपण गेलो होतो! विषयाचं नाव काय? फ्लेक्झिबल मॅन्युफॅक्चरिंग. लवचिक उत्पादन. नुसते रोबोट म्हणजे लवचिकता नव्हे. १९६१ साली अमेरिकेत न्यू जर्सीतल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात युनिमेट नावाचा पहिला औद्योगिक रोबोट लागला. साठ वर्षांहून जास्त काळ लोटला त्याला. हात फिरवणारं यंत्र ही आता नवलाई राहिलेली नाही. खरा प्रश्न हा, की पुढे आलेला सांगाडा कुठल्या गाडीचा आहे हे त्या यंत्राला कळतं कसं, आणि कळल्यावर ते स्वतःमध्ये काय बदल करतं?

सांगाडा ज्या स्किडवर येतो तिच्यावर एक टॅग असतो. स्टेशनात शिरताना तो वाचला जातो, लाईनच्या कंट्रोलरला, म्हणजे पीएलसीला, मॉडेल कळतं आणि त्या मॉडेलचा प्रोग्राम उघडतो. हे तुमच्यातल्या चौघा-पाच जणांनी लिहिलंय, ठीक आहे. पण प्रोग्राम बदलला म्हणून पत्रा जागेवर बसत नाही. पत्रा बसवतं फिक्स्चर. मागच्या सत्रात याच फळ्यावर मी आकृती काढली होती. दोन पिना. एक गोल भोकात, ती पत्र्याला दोन्ही दिशांना धरते. दुसरी लांबट खाचेत, ती एकाच दिशेला धरते. खाच कशासाठी? दोन भोकांमधलं अंतर प्रत्येक पत्र्यात केसभर कमी-जास्त असतंच. दोन्ही भोकं गोल ठेवली तर पत्रा एक तर अडकेल, नाहीतर ताणला जाईल. तुम्हाला त्यावर सहा मार्क मिळालेत. तीच पिनांची जोडी त्या दिवशी तुमच्यापासून चार हातांवर होती. मॉडेल बदललं की एक जोडी खाली जात होती आणि दुसरी वर येत होती. मी डोळे भरून पाहत होतो. तुम्ही ठिणग्या बघत होतात. ठिणग्या उडाल्या म्हणजे धातू वाया गेला. ते वेल्डचं कौतुक नाही, वेल्डची तक्रार आहे!

आणि प्रेस शॉप? ‘मोठ्या प्रेस पाहिल्या’, एवढीच ओळ. लवचिकतेची खरी अडचण तिथे असते, डाय म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा बदलण्यात. १९६९ साली टोयोटाच्या एक हजार टनी प्रेसची डाय बदलायला चार तास लागत. शिगेओ शिंगो या माणसाने कारखान्यातल्या लोकांना हाताशी धरून सहा महिन्यांत ते काम दीड तासावर आणलं, आणि मग तीन मिनिटांवर. त्यासाठी नवी प्रेस घेतली नाही. प्रेस बंद ठेवूनच करावी लागणारी कामं कुठली आणि चालू असताना उरकता येणारी कुठली, याची वाटणी केली. लग्नघरात वाढलेल्या कुणालाही हे कळेल. पुढच्या पंगतीची पानं आधीची पंगत उठल्याशिवाय मांडता येत नाहीत, पण भात आधी शिजवून ठेवता येतो. चार तास लागत असतील तर एकाच डायवर महिनाभराचा माल काढून गोदाम भरावं लागतं. तीन मिनिटं लागत असतील तर सकाळी एक दरवाजा, दुपारी दुसरा. एका लाईनवर चार मॉडेलं चालतात ती या तीन मिनिटांच्या जोरावर.

लवचिकता नसली तर काय होतं, तेही ऐका. हेन्री फोर्डच्या कारखान्यांनी दीड कोटी मॉडेल टी काढल्या. मे १९२७ मध्ये ती गाडी बंद झाली आणि तिच्या जागी मॉडेल ए बाजारात आली डिसेंबरात. जगातला सगळ्यात नावाजलेला कारखाना कित्येक महिने नव्या गाडीविना बसला होता, कारण त्यातली बहुतेक यंत्रं त्या एकाच गाडीसाठी घडवलेली होती.

कारखाना बघायला जाणं ही तुम्हाला सहल वाटली. तोच फोर्ड आपली लाईन उभी करत होता तेव्हा त्याचा एक माणूस, विल्यम क्लॅन, शिकागोचा कत्तलखाना पाहून आला. तिथे जनावर टांगून पुढे सरकवत आणि प्रत्येक जण आपल्या जागी उभा राहून एकच तुकडा काढी. असे भाग सुटे करता येतात, तर असेच जोडताही येतील, हे त्याने उचललं. १९१३ साली इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या मॅग्नेटोची जोडणी सरकत्या लाईनवर आली. आधी एक माणूस एक नग वीस मिनिटांत जोडायचा, ते काम तेरा मिनिटं दहा सेकंदांवर आलं. मग लाईन आठ इंच वर उचलली आणि ते सात मिनिटांवर आलं. आठ इंच! कामगाराची पाठ वाकत होती, हे कुणीतरी पाहिलं म्हणून.

आणि १९५०. टोयोटा डबघाईला आलेली, कामगारांचा संप, संस्थापक कीइचिरो टोयोडांना राजीनामा द्यावा लागलेला. अशा वेळी त्यांचे चुलतभाऊ एजी टोयोडा अमेरिकेत फोर्डकडे शिकायला गेले. फोर्डच्या रूझ इथल्या अवाढव्य कारखान्यातून त्यांनी काय आणलं? तेवढी यंत्रं घ्यायला पैसेच नव्हते. कामगारांकडून सुधारणेच्या सूचना मागवण्याची फोर्डची पद्धत त्यांनी उचलली, आणि १९५१ साली ती टोयोटात सुरू झाली. खिसा रिकामा होता, पण डोळे उघडे होते. तुमच्या आईवडिलांनी बसभाड्यासाठी प्रत्येकी साडेचारशे रुपये दिले. त्याच्या बदल्यात तुम्ही काय आणलंत ते या गठ्ठ्यात आहे.

सगळ्यात मोठी चूक अजून सांगायचीच आहे.

वेल्डिंग शॉपमध्ये शेवटच्या स्टेशनजवळ निळ्या गणवेशातले एक गृहस्थ उभे होते. पन्नाशीचे. खेडच्या आयटीआयमधून शिकलेले, अठरा वर्षं त्याच शॉपमध्ये, फिक्स्चरची देखभाल त्यांच्याकडे. तुम्ही येणार म्हणून त्यांनी पाच-सहा झिजलेल्या टोप्या आणि एक नवी टोपी फडक्यात बांधून आणली होती. हातात घेऊन बघता यावं म्हणून. तुमचा घोळका त्यांच्यासमोरून निघून गेला. एकाने थांबून विचारलं, “काका, कॅन्टीन कुठंय?” त्यांनी हात करून दाखवलं आणि फडकं खिशात ठेवलं. नंतर मी त्यांच्याशी बोललो म्हणून मला हे कळलं.

वर हॉलमध्ये कारखान्याच्या इंजिनिअरबाईंनी तीनदा विचारलं, काही शंका? ५८ जणांतून एक हात वर आला आणि प्रश्न आला, फ्रेशर्सना पॅकेज किती? पगार विचारणं पाप नाही. घरी कर्ज असतं, मला ठाऊक आहे. पण ज्या कामाचे पैसे मागायचे त्या कामाबद्दल एकही प्रश्न नसावा? ज्या माणसाने अठरा वर्षं त्या पिना सांभाळल्या, त्याला ओलांडून जाताना तुमचा पाय अडखळला कसा नाही? उद्या डिप्लोमा घेऊन त्याच लाईनवर उभे राहाल, फिक्स्चर अडकेल, आणि तुम्हाला वाचवायला तोच माणूस येईल.

त्या कारखान्याचं गेट उघडायला मला सात महिने पत्रं लिहावी लागली. त्यांनी चालू लाईनच्या बाजूने तुम्हाला फिरवलं, दोन माणसं कामातून मोकळी करून तुमच्याबरोबर दिली. ते गेट तुमच्यामुळे पुढच्या वर्षीच्या मुलांना बंद झालं, तर त्यांना मी काय सांगू?

माझीही एक चूक आहे. काय बघायचं ते आधी वर्गात सांगितलं नाही. तिसऱ्या वर्षातल्या मुलांना सांगावं लागणार नाही, असं धरून चाललो. आता धरणार नाही.

या ५८ वह्या परत न्या. एकाही वहीवर मी सही केलेली नाही आणि करणार नाही. नवा अहवाल हाताने लिहायचा, चार पानं पुरेत. माहितीपत्रकातली एक ओळही नको. पिनांची आकृती हवी, भोकं आणि खाच दाखवून. आणि तिथे न विचारलेले पाच प्रश्न हवेत, प्रत्येकाचे वेगळे. त्यांतले निवडक प्रश्न मी स्वतः त्या फिक्स्चरवाल्या काकांकडे घेऊन जाणार आहे. ज्यांचे प्रश्न निवडीन ते माझ्याबरोबर येतील, पण चारच जण.

उद्या सकाळी आठ वाजता सगळे वर्कशॉपमध्ये. आपल्या जुन्या स्पॉट वेल्डिंग मशीनची टोपी खोलायची आहे. तिचं तोंड व्हर्नियरने मोजायचं, दोन पत्रे जोडायचे, टोपी तासायची, पुन्हा दोन जोडायचे, आणि दोन्ही टाके छिन्नीने फोडून बघायचे. येताना पेन आणि घड्याळ आणा.