शौर्य आणि शील

थंडीच्या दिवसांत पुष्कळ लोक पुढून बटणे लावण्याचा लोकरी विणीचा अंगरखा घालतात; त्यास कार्डिगन म्हणतात. हे नाव ज्या इंग्रज सरदारावरून पडले, त्या जेम्स ब्रुडनेल, सातवा अर्ल ऑफ कार्डिगन (१७९७–१८६८), याच्या चरित्रातून एक प्रश्न उद्भवतो, तो आम्ही आज वाचकांपुढे ठेवतो. एका घटकेच्या शौर्याने सबंध आयुष्याचे दोष धुऊन निघतात काय?

त्या काळी इंग्लंडात लष्करी हुद्दे विकत मिळत. ही चाल १८७१ साली बंद झाली. कार्डिगन पैशाच्या बळावर चढत चढत १८३२ साली एका रिसाल्याचा मुख्य झाला. हाताखालच्या कप्तानावर त्याने खटला भरविला. कप्तान निर्दोष ठरला आणि १८३४ साली कार्डिगनासच दूर करण्यात आले. तथापि दोनच वर्षांत पैसा व वशिला यांच्या जोरावर दुसरा रिसाला त्यास मिळाला. तो रिसाला तेव्हा हिंदुस्थानात होता. येथे वर्षानुवर्षे चाकरी केलेल्या आपल्याच अधिकाऱ्यांस तो तुच्छ लेखी. व्यभिचाराच्या बोभाट्याने त्याचे खाजगी आयुष्यही डागाळले होते.

१८४० साली एका माजी अधिकाऱ्याशी पिस्तुलांचे द्वंद्व करून त्याने त्यास जखमी केले. पुढील वर्षी उमरावांच्या सभेपुढे चौकशी झाली. परंतु जखमी गृहस्थ म्हणजे आरोपपत्रात ज्याचे पूर्ण नाव आहे तोच मनुष्य, हे फिर्यादी पक्षास शाबीत करता आले नाही, आणि एवढ्या फटीतून तो सुटला. त्याच वर्षी ईस्टरच्या रविवारी, उपासना संपते न संपते तोच, त्याच जागी त्याने एका शिपायास फटके मारविले.

पुढे २५ ऑक्टोबर १८५४ रोजी क्रिमियातील बालाक्लाव्हा येथे, हुकुमाचा अर्थ चुकल्यामुळे, सुमारे ६७० स्वार रशियन तोफांवर चालून गेले. सर्वांच्या पुढे कार्डिगन होता. तो डगमगला नाही, हे आम्ही मोकळ्या मनाने कबूल करतो. शंभरावर माणसे ठार झाली. तो जिवंत परतला व इंग्लंडात त्याचा जयजयकार झाला.

कोणी म्हणेल, मनुष्याचा गुण घ्यावा, दोष सोडून द्यावा. गुण अवश्य घ्यावा. परंतु सावकाराचे देणे शेजाऱ्यास दिल्याने फिटत नाही. कार्डिगनाने रणांगणी जे दिले ते देशास दिले. ज्या शिपायाच्या पाठीवर वळ उठले, त्याचे देणे तसेच राहिले. शिवाय मागून गेलेले स्वारही तितकेच शूर होते. त्यांची नावे कोणत्याही वस्त्रास मिळाली नाहीत.

आपणांपैकी बहुतेकांवर तोफेसमोर जाण्याचा प्रसंग येणार नाही. परंतु एखादा गडी, एखादा विद्यार्थी, निदान एखादे लेकरू आपल्या सत्तेखाली असतेच. त्यास रागाच्या भरात दुखविल्यावर, त्याच्याचपुढे जाऊन आपली चूक कबूल करण्यास जे धैर्य लागते, ते आम्हांस तोफेसमोरील धैर्याहून दुर्मिळ वाटते.