राखणदार

अमेरिकेतल्या हॅरिसबर्ग शहराच्या वरच्या अंगाला सस्क्वेहॅना नदी जवळजवळ दीड किलोमीटर रुंद होते, तरी उन्हाळ्यात बऱ्याच ठिकाणी कमरेएवढ्या पाण्यातून चालत जाता येतं. तळाला खडकांच्या रांगा, त्यांच्या आडोशाला संथ पाणी आणि त्या पाण्यात स्मॉलमाउथ बास. हा मासा मूळचा इथला नाही, एकोणिसाव्या शतकात माणसांनीच तो आणून सोडला. आता मात्र पेन्सिल्व्हेनियाच्या या पट्ट्यात नदीचं नाव निघालं की बासचं निघतंच.

रॉकव्हिलचा 48 कमानींचा दगडी रेल्वेपूल 1902 पासून इथे उभा आहे. पुलाजवळ राहणाऱ्या एका म्हाताऱ्याकडून त्याचा नातू फ्लाय फिशिंग शिकत होता. आजोबा स्ट्रीमर स्वतः बांधायचे. स्ट्रीमर म्हणजे छोट्या माशासारखं दिसणारं केसांचं, पिसांचं आमिष. त्यांच्या डबीत सगळ्यात जास्त असायचे ते क्लाउझर मिनो. मिडलटाउनच्या बॉब क्लाउझर यांनी 1980 च्या दशकात तो घडवला, याच नदीत, याच बाससाठी. हरणाच्या शेपटीचे केस, थोडी चमकी आणि गळाच्या दांडीवर बांधलेले शिशाचे दोन डोळे. त्या वजनाने गळ उलटा होतो, टोक वर राहतं आणि खडकात अडकत नाही. दोर ओढला की आमिष पुढे झेपावतं, सैल सोडला की नाक खाली करून बुडतं. ओढायचं, थांबायचं, पुन्हा ओढायचं. घाबरलेला लहान मासा असाच पळतो.

नातवाला ते थांबणंच जमत नव्हतं. पहिल्या उन्हाळ्यात त्याच्या गळाला फारसं काही लागलं नाही. तो 2005 चा उन्हाळा होता. त्या वर्षी नदीत बासची कोवळी पिल्लं मोठ्या संख्येने मरून पडली आणि काठावरची जुनी माणसं काळजीत होती.

पुढच्या मे महिन्यात मात्र चमत्कार झाल्यासारखं वाटलं. काठाजवळच्या खडकांमागे स्ट्रीमर पडला की मासा लागलाच. दुसऱ्या दिवशी त्याच खडकामागे टाकला, तर शेपटीला तीच खूण असलेला तोच मासा पुन्हा लागला.

"आजोबा, आता हात बसला माझा."

"सगळे काठालगतच लागतात?"

"हो. आणि सगळे सोडून देतो हं. एकही घरी आणलेला नाही."

आजोबा एवढंच म्हणाले, "उद्या दुपारी मी येतो."

दुसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर असताना दोघे त्या खडकाशी गेले. आजोबांनी आपला पोलराइज्ड चष्मा नातवाच्या डोळ्यांवर चढवला. पाण्यावरची चकाकी नाहीशी झाली आणि तळ दिसू लागला. गाळ झाडून स्वच्छ केलेला, परातीएवढा गोल खळगा, धुतल्यासारखी वाळू आणि खडे. त्यावर एक बास कल्ले हलवत जागच्या जागी उभा होता.

आजोबांनी डबीतला सगळ्यात सुबक स्ट्रीमर घेतला आणि पकडीने त्याचा गळ वाकणावर कापून टाकला.

"अहो, हे काय केलंत!"

"टाक."

नातवाने टाकला. बासने झडप घातली, आमिष तोंडात धरलं, हातभर लांब नेलं आणि तोंड उघडून सोडून दिलं. वळून तो पुन्हा खळग्यावर येऊन उभा राहिला. पुन्हा टाकला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तो आमिष घेऊन जरा जास्त लांब गेला. तेवढ्यात गवतातून दोन सनफिश सुळकन आत शिरले आणि खड्यांत तोंडं खुपसू लागले. बास मागे फिरला, त्याने दोघांना हाकललं.

"खाल्लं का त्याने?" आजोबांनी विचारलं.

"नाही. बाहेर नेऊन टाकलं."

"त्याला भूक नाही लागलेली. तो बाप आहे. मादी अंडी घालून निघून गेली. अंडी फुटून पिल्लं पांगेपर्यंत हा इथून हलायचा नाही, धड खायचाही नाही. तुझा स्ट्रीमर त्याला अंडी चोरायला आलेला मासा वाटतो."

आपल्याकडच्या गोष्टींत गळाला लागलेला मासा नेहमी लोभी असतो. आमिषाला भुलला आणि फसला, असं आपण मुलांना सांगतो. या माशाला ते लागू पडत नाही. तो गळ पकडतो ते लेकरांच्या राखणीसाठी, आणि म्हणूनच मे महिन्यात तो सगळ्यात सहज सापडतो. अशा वेळी मासा लागला तर त्यात माशाची चूक शोधणं मला अन्यायाचं वाटतं. पुढे काही वर्षांनी नदीच्या या पट्ट्यात विणीच्या दिवसांत बासच्या मागे लागायला सरकारने मनाई केली. त्या दुपारी असा नियम नव्हता.

"पण मी सोडला ना त्याला," नातू म्हणाला.

"सोडलास. पण ओढून आणलास, दमवलास, गळ काढलास, फोटो काढलास, मग सोडलास. आत्ता तो थोडा लांब गेला तर ते दोघे लगेच आत शिरले."

नातू काही न बोलता पाण्यातून पलीकडच्या खडकाकडे गेला. तिथे त्याने आठवड्यापूर्वी मोठा बास धरला होता, बराच वेळ हातात घेऊन मिरवलाही होता. खळगा तिथेही होता, पण त्यावर कोणी नव्हतं. खड्यांवर गाळ बसू लागला होता आणि सनफिश निवांत फिरत होते. तो बराच वेळ वाकून बघत राहिला, पण बास आला नाही.

परतताना एक होडी जवळ आली. आत बाप आणि शाळकरी मुलगा होते, दोघांच्या हातात मासेमारीच्या काठ्या.

"काही लागतंय का इकडे?" बापाने विचारलं.

आजोबा गप्प राहिले. उत्तर त्यांनी नातवावर सोडलं.

"लागतंय," नातू म्हणाला. "त्या समोरच्या खडकामागे. पण तुमचं आमिष राहू द्या, आधी हे बांधा." त्याने तो कापलेला स्ट्रीमर मुलाच्या हातावर ठेवला आणि चष्माही काढून दिला.

मुलाने स्ट्रीमर उलटसुलट करून पाहिला. "याला तर गळच नाही. मासा धरायचा कसा?"

"धरायचा नाही. टाक, आणि तो ते कुठे नेऊन ठेवतो ते बघ."