वर्दीतला वस्ताद

पोलीस खात्यातला माणूस गेला की शोकसभेत त्याच्या बदल्या, बढत्या आणि प्रशस्तिपत्रं वाचली जातात. मीरा रोडला आमच्या भागातल्या एका निवृत्त हवालदारांच्या सभेतही तसंच झालं. मागे ट्रॅकसूट घातलेली दहा-पंधरा मुलं-मुली उभी होती. हवालदार त्यांच्याकडून पोलीस भरतीची तयारी करून घ्यायचे, एक पैसा न घेता. त्यांच्यातल्या एका मुलीला बोलायला सांगितलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, “गोळा फेकताना माझं कोपर खाली यायचं. सर रोज कोपराखाली हात धरून उभे राहायचे.” त्या संध्याकाळी गेलेल्या माणसाविषयी खरं बोललं गेलं ते हेच, असं मला वाटतं.

पोलिसाचं मोठेपण आपण त्याच्या एका दिवसावरून ओळखतो. मुंबईवर २६ नोव्हेंबर २००८ ला झालेल्या हल्ल्याच्या रात्री गिरगाव चौपाटीवर अतिरेकी कसाबची बंदूक घट्ट धरून ठेवणाऱ्या तुकाराम ओंबळ्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं, आणि त्या रात्रीचं ऋण फिटणारं नाहीच. १ ऑक्टोबर २०२० रोजी मीरा-भाईंदर, वसई-विरारचं पोलीस आयुक्तालय सुरू झालं. त्याचे पहिले आयुक्त सदानंद दाते हल्ल्याच्या त्याच रात्री कामा रुग्णालयात जखमी झाले होते. अशा शौर्याची नोंद होते, व्हायलाच हवी. पण रोज पहाटे कोणाच्या तरी कोपराखाली हात धरणाऱ्याची नोंद कुठल्या रजिस्टरात होणार?

हा प्रश्न मनात आला की मला खाशाबा जाधव आठवतात. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९४८ साली लंडनला सहावा आला आणि १९५२ साली हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन परतला. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरं यायला १९९६ उजाडलं. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा गावाने वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. पदक घेऊन आलेल्या खाशाबांची मिरवणूक बैलगाड्यांच्या रांगेतून निघाली, ही हकीकत सगळ्यांना ठाऊक आहे. मला त्यापुढची जास्त मोलाची वाटते. खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरवले, स्वतः लढले आणि त्या कमाईतून प्राचार्यांचं घर सोडवलं. आपल्यासाठी कोणी काय केलं याचा विसर न पडणारा माणूस होता हा.

१९५५ मध्ये ते फौजदार म्हणून पोलीस दलात आले. बेचाळीसच्या आंदोलनात भूमिगतांना आसरा देणारा, इंग्रज सरकारविरुद्धची पत्रकं पोहोचवणारा मुलगा स्वतंत्र देशाची वर्दी चढवतो, यात मला त्या पिढीची सगळी उमेद दिसते. जवळजवळ सत्तावीस वर्षं त्यांनी नोकरी केली, पोलिसांच्या स्पर्धा जिंकल्या, क्रीडा प्रशिक्षक म्हणून काम केलं आणि सहायक पोलीस आयुक्त होऊन निवृत्त झाले. पुढे निवृत्तिवेतनासाठी त्यांना झगडावं लागलं. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार आला तो त्यानंतर कित्येक वर्षांनी.

त्यांना पद्म पुरस्कार मिळावा म्हणून होणारी मागणी रास्तच आहे. तरी माझी खंत वेगळी आहे. त्यांच्यावर लिहिताना हेलसिंकीला पानंच्या पानं मिळतात, आणि नोकरीतली सत्तावीस वर्षं दोन ओळींत उरकतात. मॅटवरच्या लढती काही मिनिटांच्या. शिकवण्यात गेलेली वर्षं त्याहून कितीतरी लांब, आणि कुस्तीत तर वस्ताद शिष्याच्या अंगात उतरतो. पट कसा काढायचा, ढाक लावताना कंबर किती वळवायची, हे हाताने दाखवल्याशिवाय येत नाही. मातीत मुरलेली ही विद्या कागदावर नसते म्हणून ती कमी मोलाची ठरत नाही. उलट शिष्य बोलते असेपर्यंतच ती सांगता येते, म्हणून तिची निकड जास्त.

मीरा-भाईंदरसारख्या शहरात तर ती फारच. महापालिका २००२ ची, आयुक्तालय त्याहून कितीतरी नवं. सातारा, रत्नागिरी आणि देशभरातून आलेली माणसं इथे इमारतींच्या गर्दीत राहतात. गावाकडे तालमीच्या भिंतीवर जुन्या वस्तादांचे फोटो असतात, येणारं पोर ते बघत मोठं होतं. इथल्या बहुतेक मुलांच्या वाट्याला अशी भिंत आलेली नाही. आहेत ते मैदानाच्या कडेला शिट्टी गळ्यात अडकवून उभे असलेले निवृत्त जमादार, कबड्डी शिकवणारे शिपाई, गणपतीच्या बंदोबस्तातून रात्री उशिरा सुटूनही सकाळी मुलांना सोळाशे मीटर धावायला लावणारे. शहराला आपलेपण येतं ते अशा माणसांमुळे, असं माझं ठाम मत आहे.

खाशाबांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, आता महाराष्ट्राचा राज्य क्रीडा दिन आहे. त्या दिवशी आमच्या पालिकेने आणि पोलीस ठाण्यांनी प्रतिमेला हार घालावाच. पण भाषण पाहुण्यांनी न करता शिकलेल्यांनी करावं. प्रत्येकाने आपल्या वस्तादाने नेमकं काय दुरुस्त केलं ते सांगावं आणि कोणीतरी वही घेऊन ते उतरवून घ्यावं. उत्तनपासून काशीमिऱ्यापर्यंत असे शिकवणारे अजून हयात आहेत. त्यांनाही घरी जाऊन विचारता येईल, साहेब, तुम्ही कोणाकोणाला तयार केलंत? नावं सांगा, आम्ही लिहून घेतो.